बेसबॉल स्टेडियममध्ये फोटो: बॉस्टन, डी५६०० आणि ७०-३००, सीट कुठली घ्यावी?

शहापूरकर

नमस्कार मंडळी. जूनच्या शेवटी मुलाकडे बॉस्टनला जाणं आहे. तिथल्या फेनवे पार्क या बेसबॉल स्टेडियममधल्या दोन मॅचची तिकिटं काढायचा विचार आहे, एक दुपारची आणि एक रात्रीची. कॅमेरा निकॉन डी५६००, लेन्स एएफ-पी ७०-३०० (एफ/४.५-६.३) आणि सोबत आलेली १८-५५. इथे बेळगावात सरदार्स मैदान, व्हॅक्सिन डेपो इथे क्रिकेट काढायची सवय आहे. बेसबॉलचे नियम ढोबळ माहीत आहेत, स्टेडियम मात्र टीव्हीवरच बघितलंय.

सीट कुठल्या बाजूची घ्यावी? प्रेक्षकांपुढे जाळी असते म्हणे, तिच्यातून फोटो येतात का? रात्री एफ/६.३ वर भागेल का? आणि बॅटला बॉल लागल्याचा क्षण सेकंदाला पाच फ्रेमच्या कॅमेऱ्यात कसा पकडायचा? मोठी लेन्स विकत किंवा भाड्याने घ्यायची नाही, आहे त्यातच बसवायचं आहे.

तिसरं_गेट

काका, सीटचं आधी ठरवा, बाकीचं त्यावर ठरतं. तिकीट स्वस्त की महाग यापेक्षा दिशा बघा.

आपल्याकडे क्रिकेटचं पीच उत्तर-दक्षिण असतं, त्यामुळे संध्याकाळचं ऊन बाजूने येतं. बेसबॉलच्या नियमावलीत होम प्लेटपासून (बॅटर खेळतो ती जागा) पिचरवरून (बॉल टाकणारा) दुसऱ्या बेसकडे जाणारी रेष पूर्व-ईशान्येला असावी अशी शिफारस आहे, म्हणजे दुपारनंतरचं ऊन बॅटरच्या डोळ्यांत जात नाही. सगळी स्टेडियमं ती पाळत नाहीत. फेनवेत ही रेष साधारण ईशान्येला आहे. म्हणजे होम प्लेटपासून पहिल्या बेसची रेष पूर्वेकडे जाते आणि तिसऱ्या बेसची उत्तरेकडे. पहिल्या बेसच्या बाजूचा प्रेक्षक दक्षिणेला बसून उत्तरेकडे बघतो, तिसऱ्या बेसच्या बाजूचा पश्चिमेला बसून पूर्वेकडे.

आता ऊन जोडा. दीडच्या सुमाराची मॅच असेल तर सूर्य डोक्यावर, थोडा दक्षिणेला. पहिल्या बेसच्या बाजूला तो तुमच्या पाठीशी राहतो. चारनंतर तो पश्चिमेला सरकतो आणि त्या बाजूने होम प्लेटकडे बघायचं म्हणजे थेट उन्हात बघणं. तेव्हा तिसऱ्या बेसची बाजू चांगली, आणि सावलीही तिथे आधी येते.

दुसरी गोष्ट खेळाडूंच्या तोंडाची. उजव्या हाताचा बॅटर पहिल्या बेसकडे छाती करून उभा राहतो. तिसऱ्या बेसच्या बाजूने त्याची पाठ आणि नंबर मिळेल, चेहरा नाही. उजव्या हाताचा पिचर याच्या उलट: बेसवर रनर असताना तो तिसऱ्या बेसकडे तोंड करून थांबतो. डावखुऱ्यांचं सगळं उलटं धरा.

म्हणून माझं मत असं: दुपारची मॅच पहिल्या बेसच्या बाजूने, डगआउट (खेळाडूंची बसायची जागा) संपतो तिथून बेसपर्यंतच्या पट्ट्यात. रात्रीची तिसऱ्या बेसच्या बाजूने. फेनवेत यजमान रेड सॉक्सचा डगआउट पहिल्या बेसच्या बाजूला आहे, त्यामुळे समोरून म्हणजे तिसऱ्या बेसकडून यजमानांचे डगआउटमधले चेहरेही मिळतात.

फेनवेची एक खोड लक्षात ठेवा. पार्क १९१२ चं आहे आणि मागच्या ग्रँडस्टँडचं छप्पर खांबांवर उभं आहे. काही सीटवरून नेमका पिचर किंवा होम प्लेट खांबाआड जाते. तशा तिकिटावर दृश्य अडतं असं लिहिलेलं असतं. नुसतं बघणारा मान वाकवून बघेल, तीन तास लेन्स वाकवत बसणं जमत नाही. ती तिकिटं सोडा.

निपाणी_फोकस

जाळीबद्दल लिहितो, कारण त्यावर उलटसुलट सल्ले मिळतात.

होम प्लेटच्या मागे जाळी पूर्वीपासून आहेच. अलीकडे मेजर लीगच्या (तिथली सगळ्यात वरची स्पर्धा) सगळ्या ३० संघांनी ती डगआउटच्या पुढेपर्यंत वाढवली आहे. म्हणजे तिसऱ्या गेटवाल्यांनी सांगितलेल्या दोन्ही पट्ट्यांत खालच्या रांगांत बसलात तर जाळीतूनच काढायचंय असं धरून चला.

जाळीचा दोर लेन्सच्या जवळ असेल तर तो फोटोत विरतो, लांब असेल तर दिसतो. कारण साधं आहे. ३०० मिमीला एफ/६.३ म्हणजे आतलं भोक सुमारे ४८ मिमी. दोन-एक मिलिमीटरचा दोर त्या भोकाचा थोडासाच भाग झाकतो, प्रकाश किंचित कमी होतो, बाकी काही कळत नाही. तोच दोर तुमच्यापासून पंधरा मीटर पुढे असला की तो विरत नाही, फोटोवर फिकट चौकटी उमटतात. १८-५५ ने ५५ मिमीला एफ/८ वर काढलात तर भोक सात मिमीपेक्षा लहान, तिथे जाळी ठळक दिसणारच.

म्हणून झूम पूर्ण पुढे, अपर्चर पूर्ण उघडं. जाळीला खेटून पहिली रांग मिळाली तर उत्तम, पण ती महाग. नाहीतर सरळ वर जा, जिथून जाळीच्या वरच्या कडेवरून मैदान दिसतं. मधल्या रांगा सगळ्यात वाईट.

दोन गोष्टी बिघडतात. एक, ऑटोफोकस जाळीवर अडकतो. डी५६०० वर ३९ पॉईंट आहेत, त्यातले मधले ९ क्रॉस टाईप. एएफ-सी (सतत फोकस) लावा, सिंगल पॉईंट, मधला. ऑटो एरिया लावलात तर कॅमेरा सगळ्यात जवळची वस्तू म्हणजे जाळी धरणार. तुमच्या लेन्सवर फोकसची हद्द ठरवायचं बटण नाही, म्हणून आधी लांबच्या कुठल्यातरी पाटीवर फोकस करून घ्या, मग खेळाडूवर या. दोन, जाळीवर ऊन पडलं की ती चमकते आणि सगळ्या फोटोवर पांढुरकी झाक येते. हूड लावलाच पाहिजे. तरी झाक राहिली तर घरी कॉन्ट्रास्ट आणि काळा थोडा वाढवा. पार्श्वभूमीतले दिव्यांचे गोळे मात्र जाळीमुळे चौकटीचौकटीचे येतात, त्याला घरी इलाज नाही.

मोबाईलवाल्यांचं सोपं, लेन्स एवढीशी असते की जाळीच्या भोकातच बसते.

सरावाला अमेरिकेला जायची गरज नाही की. युनियन जिमखान्यावर नाहीतर कुठल्याही मैदानावर क्रिकेटची नेट लागलेली असतात. नेटपासून एक फूट, दोन मीटर, दहा मीटर अशा अंतरावरून एकाच बॅट्समनचे फोटो काढा. दहा मिनिटांत सगळं डोळ्यांनी दिसेल.

खानापूर_रोड

रात्रीचं आणि बॉल-बॅटचं मी सांगतो.

आधी अंतर. पहिल्या बेसच्या डगआउटजवळून होम प्लेट साधारण ४० मीटर धरा. डी५६०० वर ३०० मिमीला ४० मीटरवर सुमारे ३.१ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच एवढा भाग चौकटीत येतो. म्हणजे बॅटर डोक्यापासून पायापर्यंत भरतो, पण उगारलेली बॅट कापली जाईल. २०० ते २५० मिमी बरं. आउटफिल्डचे खेळाडू तुमच्या लेन्सला छोटेच येणार, तो नाद सोडा.

भर उन्हात आयएसओ ४००, एफ/६.३ आणि १/२५०० सहज मिळतं. एक्स्पोजर मॅन्युअल ठेवा. फेनवेची डाव्या आउटफिल्डची हिरवी भिंत ३७ फूट उंच आहे. चौकटीत ती आली की मीटर फसतो आणि यजमानांचे पांढरे कपडे जळतात. पिचर भिंतीसमोर नसला की तोच मीटर उलट फसतो. त्याच उन्हातल्या गवतावर मीटर घ्या, तेच आकडे धरून बसा. फक्त दुपारी चारनंतर छपराची सावली होम प्लेटवर येते आणि पिचर उन्हातच राहतो, तेव्हा दोघांत दोन-तीन स्टॉपचा फरक पडतो. त्या वेळी मॅन्युअलमध्येच ऑटो आयएसओ चालू करा किंवा एक काय ते ठरवून दुसरा सोडून द्या.

रात्री एफ/६.३ ला १/१००० हवं असेल तर आयएसओ ५००० ते ६४०० लागेल. डी५६०० ला ६४०० वर दाणे दिसतात, पण रॉ मध्ये काढून नॉईज कमी केला तर फोटो वापरण्यासारखा राहतो. मेजर लीगचे दिवे आपल्याकडच्या रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धांपेक्षा कितीतरी जास्त उजेड देतात. सरदार्स मैदानावरच्या फ्लडलाईटखाली तुम्ही काम केलं असेल तर तिथे हायसं वाटेल.

शिवाय बॉस्टनला जूनअखेर सूर्यास्त साडेआठच्या जरासा आधी असतो. मॅच सातच्या सुमाराला सुरू होते. पहिला तास-सव्वा तास नैसर्गिक उजेड आहे. आतल्या मैदानावर सावली आलेली असते, ती सपाट आणि सारखी, टोपीखालचे चेहरेसुद्धा दिसतात. ॲक्शनचे फोटो तेव्हाच उरका. अंधार पडला की पिचर थांबलेला, डगआउट, प्रेक्षक, असं १/२५० ते १/५०० वर चालणारं काढा.

आता बॉल. ताशी ९५ मैल म्हणजे १५३ किमी, सेकंदाला ४२ मीटरच्या वर. १/१००० मध्ये तो ४ सेंटिमीटर सरकतो. बॉलचा व्यास साडेसात सेंटिमीटरच्या आत, म्हणजे तो लांबट दिसणार. १/२००० ला २ सेंटिमीटर, ते खपतं. बॅट मात्र १/१००० ला टोकाशी पुसटच येते आणि ते वाईट दिसत नाही.

कॅम्प_एरिया

बर्स्ट (सलग फोटो) दाबून धरायचा, एखादा मिळतोच. त्यात एवढं गणित कशाला?

खानापूर_रोड

गणितच सांगतं की मिळत नाही. पाच फ्रेम म्हणजे दर ०.२ सेकंदाला एक. तेवढ्यात बॉल साडेआठ मीटर जातो. पिचरच्या हातातून सुटून प्लेटवर यायला सगळे मिळून ०.४ सेकंद लागतात आणि बॅटला बॉल चिकटतो तो सेकंदाचा हजारावा भाग. पाच फ्रेमच्या कॅमेऱ्यात बर्स्ट म्हणजे एक फ्रेम आधी, एक नंतर. वर रॉ मध्ये बफर भरून कॅमेरा अडकतो आणि खरा प्रसंग घडताना शटर पडत नाही ते वेगळंच.

एकच फ्रेम, वेळ साधून. बॅटरने बॅट फिरवायला घेतल्यावर दाबलंत तर उशीर झाला, कारण तुमचं बोट आणि कॅमेरा मिळून पाव सेकंदाच्या आसपास खातात. पिचरच्या हातातून बॉल सुटला की दाबायचं, जेमतेम श्वासाएवढं थांबून. फास्टबॉलला जमलं की चेंज-अपला चुकेल, तो हळू येतो. मग तोच पिचर असेपर्यंत लय बसते. पिच क्लॉकचा फायदा घ्या: बेस रिकामे असतील तर १५ सेकंदांत, रनर असेल तर १८ सेकंदांत पिचरला बॉल टाकायला सुरुवात करावी लागते आणि ८ चा आकडा येईपर्यंत बॅटरला तयार राहावं लागतं. घड्याळ मैदानात दिसतं. आठ झाले की डोळा व्ह्यूफाईंडरला.

फोकस बॅटरच्या छातीवर. कॅचरच्या मुखवट्यावर फोकस सरकतो, दोघं चौकटीत जवळ असतात म्हणून. आणि फार दिवे लुकलुकत असतील तर रंग फ्रेमगणिक बदलतात. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झ, दिवे सेकंदाला १२० वेळा मंद-तेज होतात. डी५६०० मधली फ्लिकरची सोय लाईव्ह व्ह्यू आणि व्हिडिओपुरती आहे, व्ह्यूफाईंडरने काढताना ती कामाची नाही. एलईडी असेल तर बहुतेक प्रश्न येत नाही.

शहापूरकर

मंडळी, कमाल आहे. दोन शंका. ॲक्शन नेमकी कुठे होणार हे आधी कसं ओळखायचं? क्रिकेटमध्ये स्ट्रायकर आणि बॉलर धरले की निम्मं काम होतं. आणि कॅमेरा आत नेताना अडवतात का?

तिसरं_गेट

पहिल्याचं उत्तर स्कोअरबोर्डवर असतं. किती आऊट आणि कुठल्या बेसवर रनर, एवढंच बघायचं.

पहिल्या बेसवर रनर आणि दोनपेक्षा कमी आऊट: जमिनीवरून बॉल गेला की डबल प्ले (एकाच बॉलवर दोन आऊट) दुसऱ्या बेसवर. लेन्स आधीच तिथे फोकस करून ठेवा, घसरत येणारा रनर आणि त्याच्यावरून उडी मारून थ्रो करणारा खेळाडू एकाच चौकटीत येतात. बेसबॉलमधला मला सगळ्यात आवडणारा फोटो हाच, आणि तो तिसऱ्या बेसच्या बाजूने छान मिळतो. तोच रनर बेसपासून लांब सरकून उभा असेल तर बेसची चोरी (फटक्याची वाट न बघता पुढच्या बेसकडे पळणं) होण्याची शक्यता, तरीही लेन्स दुसऱ्या बेसवरच. तिसऱ्या बेसवर रनर, दोनपेक्षा कमी आऊट आणि उंच कॅच: कॅच बघत बसू नका, रनर कॅच झाल्यावर होम प्लेटकडे पळणार. दोन आऊट, तीन बॉल (म्हणजे वाईड पिच), दोन स्ट्राईक आणि पुढच्या बेसवर ढकलले जाणारे रनर: बॉल सुटताच सगळे पळतात.

बेस रिकामे असले की पिचर, बॅटर. बस्स.

बॉल मागे-बाजूला उडतो त्याचंही भान ठेवा. ३०० मिमीतून बघताना अंगावर येणारा फाऊल दिसत नाही. जाळीमागे असाल तर ठीक. जाळी संपते त्यापुढच्या सीटवर पिच टाकली जात असताना स्क्रीनवर फोटो तपासत बसायचं नाही. तपासायचं ते इनिंग बदलताना.

निपाणी_फोकस

आत नेण्याचं: प्रत्येक पार्कचे नियम वेगळे आणि सीझनला बदलतात. संघाच्या साईटवर कॅमेरा आणि बॅग असे वेगळे मथळे असतात, जायच्या आठवड्यात वाचा. ट्रायपॉड-मोनोपॉड बऱ्याच ठिकाणी चालत नाही. काढता येणाऱ्या लेन्सच्या लांबीवर काही ठिकाणी इंचांत मर्यादा असते. तुमची ७०-३०० जेमतेम ५ इंच आहे, ४०० ग्रॅमच्या आसपास, तुमची काळजी कमी. बॅगेला बऱ्याच ठिकाणी १६×१६×८ इंच ही वरची मर्यादा, काही पार्कांत त्याहून लहान, आणि बॅकपॅक अनेक ठिकाणी बंद. कॅमेरा गळ्यात, दुसरी लेन्स छोट्या पिशवीत, हेच सोयीचं. तिकीट मोबाईलवर असतं. फोटो विकायला बंदी असते, घरच्यांना दाखवायला नाही. फ्लॅश बंद ठेवा, चाळीस मीटरवर त्याचा उपयोगही नाही.

दार उघडतं तेव्हाच आत जा. संघांचा फलंदाजीचा सराव चालू असला तर तासभर बॉल-बॅटची वेळ साधायची फुकट शिकवणी मिळते, आणि तेवढ्यात खालच्या रांगांपर्यंत जाऊ देतात का ते तिथल्या माणसाला विचारून घ्या.

जास्तीच्या बॅटऱ्या विमानात केबिन बॅगेत, सामानात टाकायच्या नाहीत. चार्जर १०० ते २४० व्होल्टचा आहे, फक्त चपट्या दोन पात्यांचा अडॅप्टर न्या. आणि कॅमेरा नवाकोरा दिसत असेल तर जाताना इथल्या विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या, परतताना वाद नको.

हिंडलगा_वाट

सगळं बरोबर, पण माझं मत वेगळं आहे. दोन्ही मॅच फेनवेतच कशाला? एक फेनवेत बघा, वातावरणासाठी. दुसरी छोट्या मैदानावर काढा.

रेड सॉक्सचा ट्रिपल-ए (मेजर लीगच्या एक पायरी खालचा) संघ वुस्टरला आहे, पोलर पार्क, २०२१ ला उघडलेलं. बॉस्टनहून लोकल रेल्वे जाते. तिकीट स्वस्त, मैदान छोटं, खालची रांग परवडते. आणि खरी मजा केप कॉड लीगमध्ये. कॉलेजच्या खेळाडूंची उन्हाळी स्पर्धा, दहा संघ, जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत. नेहमीच्या मॅचना प्रवेश मोफत, लोक खुर्च्या घेऊन येतात. तिथे तुमची ७०-३०० फेनवेपेक्षा दुप्पट काम देईल, कारण जागा बदलता येते. एक इनिंग पहिल्या बेसकडून, पुढची तिसऱ्याकडून, मग आउटफिल्डच्या कुंपणावरून सरळ पिचरच्या पाठीमागून बॅटर. जे फेनवेत सीट नंबर ठरवतो ते तिथे तुम्ही ठरवता. काही मैदानांवर दिवे नाहीत, त्यामुळे मॅच संध्याकाळी लवकर सुरू होते, म्हणजे एफ/६.३ चा प्रश्नच मिटला. पाठीमागची जाळी तारेची असेल तर लेन्स तिला टेकवा, तारेचा जोड समोर येणार नाही एवढं बघा.

तिसरं_गेट

हे पटतं. मग काका, फेनवेची रात्रीची घ्या, दुपारची नको. रात्रीच्या मॅचमध्ये सातपासून साडेआठपर्यंत उजेड, नंतर निळं आकाश आणि दिवे, सगळं एकात मिळतं. १८-५५ ने पूर्ण स्टेडियम सूर्यास्तानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी काढा, एफ/४, १/२५०, आयएसओ ८०० च्या आसपासपासून सुरू करून. वरच्या मजल्यावरून, जाळीच्या वरून.

शहापूरकर

ठरलं. फेनवे रात्रीची, तिसऱ्या बेसची बाजू, खांब बघून. दुसरी केप कॉड. लेन्सचा व्हीआर (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) चालू ठेवायचा का? या लेन्सवर बटण दिसत नाही.

खानापूर_रोड

बटण नाहीच, कॅमेऱ्याच्या मेनूत आहे. १/१००० च्या वर बंद ठेवला तरी चालतो. रात्री १/२५० वर डगआउट काढताना चालू. रनरच्या मागे लेन्स फिरवत १/६० ते १/१२५ वर काढायचं असेल तर ते इथेच शिकून जा, व्हॅक्सिन डेपोवर सकाळी पळणारी पोरं भरपूर असतात. खांदे फिरवायचे, मनगट नाही, आणि शटर पडल्यावरही फिरवणं थांबवायचं नाही. पाऊस लागायच्या आत करा, नाहीतर जूनमध्ये बेळगावात ऊनच मिळायचं नाही.